माती आणि गादी

पौष महिन्यातील थंडीचे दिवस होते. ७ जानेवारी २०२० या दिवशी पुण्यातील बालेवाडी येथे श्रीशिवछत्रपती क्रीडा संकुलात महाराष्ट्र केसरी या मानाच्या किताबासाठी अंतिम कुस्ती व्हावयाची होती. दोन मल्ल समोरासमोर उभे राहणार होते. एक हर्षवर्धन सदगीर, दुसरा शैलेश शेळके. हर्षवर्धन गादीवरील सगळ्या कुस्त्या मारून अंतिम फेरीत आला होता. शैलेश मातीतील कुस्त्या मारून आला होता. चांदीची गदा या दोघांपैकी कोणाच्या खांद्यावर विराजमान होणार, हाच एक प्रश्न त्या दिवशी कुस्तीशौकिनांच्या तोंडी होता.

हर्षवर्धन या स्पर्धेत उतरला होता तो नाशिकच्या वतीने. परंतु त्याचे मूळ गाव कोंभाळणे. हे गाव अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे आणि प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरणही येथेच आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो आणि डोंगरउतारावरील खाचरांतून भात डोलू लागते. अशा डोंगराळ मुलखातील एका शेतकरी कुटुंबातला मुलगा महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या कुस्तीसाठी उभा राहणार होता. तेव्हा स्पर्धेच्या कागदावर नाशिकचे नाव असले, तरी अकोल्याच्या लोकांनी त्याला आपला म्हटले, यात नवल ते काय?

या जिल्ह्यात कुस्तीचे वेड जुने आहे. गावच्या देवाची जत्रा आली, की पालखी आणि तमाशा यांच्या जोडीला कुस्त्यांचा हगामा हवाच. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत माती उकरून, चाळून आखाडा तयार करतात. भोवती माणसांचे कडे बसते. झाडांच्या फांद्यांवर आणि घरांच्या धाब्यांवरही पोरे चढून बसलेली असतात. हलगी कडाडू लागते. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. जिंकणाऱ्याला मिळते काय, तर मूठभर रेवड्या! परंतु त्या रेवड्यांसाठी सात-आठ वर्षांची मुले अशी झुंजतात, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. मग हळूहळू मोठ्या जोडी येतात. कोणाला कोणाशी लढवावयाचे हे पंच ठरवितात. दोघांची उंची, अंगलट आणि तयारी पाहून ते जोड लावतात. आणि जोड बरोबरीची नसली, तर प्रेक्षकच ओरडून ती मोडून टाकतात. जिंकलेला पोरगा आखाड्याभोवती फिरतो, तेव्हा लोक खुशीने त्याच्या हातावर पैसे ठेवतात. सर्वांत शेवटी मानाची कुस्ती होते. ती पाहिल्यावाचून कोणी घरी जात नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक मल्लांनी कुस्तीचे पहिले धडे अशाच मातीत गिरविले आहेत. मातीची कुस्ती म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय बालेवाडीच्या त्या लढतीची गंमत कळावयाची नाही.

तालमीतील लाल माती ही साधी माती नव्हे. बारीक चाळलेल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती मळतात व मुरवितात. त्यामुळे ती मऊ राहते आणि अंगावरील लहानसहान खरचटण्याला बाधत नाही. पहाटे उठून खोऱ्याने हा आखाडा उकरणे हीच नव्या पोराची पहिली कसरत असते. खांदे आणि कंबर यांना तिच्याइतका चांगला व्यायाम क्वचितच मिळेल. कुस्तीला उभे राहण्यापूर्वी मल्ल मातीला हात लावून तो कपाळी नेतो. मग चिमूटभर माती तो आपल्या अंगावर आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरही टाकतो. हा नुसता रिवाज नाही. घामाने ओले झालेले अंग निसटते. माती लागली, की हाताला पकड मिळते.

मातीत पाय रुततो. म्हणून मातीतील मल्लाला झटकन झेप घेता येत नाही; त्याचा सारा भर पकडीवर आणि रेट्यावर असतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर हात टाकतो, मनगट धरतो, खडाखडी करतो, त्याचा दम जोखतो. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड असे एकाहून एक डाव त्याच्या संग्रही असतात. त्यांतील पुष्कळ डाव अंगाला अंग भिडल्यावाचून बसतच नाहीत. जुन्या हगाम्यांत वेळेचे बंधन नसे. पाठ जमिनीला लागली, म्हणजे मल्ल चितपट झाला, की कुस्ती निकाली. तोपर्यंत घटका गेली काय आणि प्रहर गेला काय! त्यामुळे मातीतील मल्ल धीर धरावयास शिके. आपला दम शेवटपर्यंत पुरवावा आणि समोरचा दमला, की एकच डाव टाकून त्याला अस्मान दाखवावे, ही त्याची नीती.

गादीची नीती याहून निराळी. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते आणि त्याच्या कडेला एक मीटर रुंदीचा रंगीत पट्टा असतो. तो पट्टा पाहिला, की मल्लाने समजावे, आपण सीमेजवळ आलो. गादी सपाट असते आणि पायाला उसळी देते. मल्लाच्या पायांत पातळ तळव्याचे बूट असतात. मातीचा पायाला लागणारा अडसर येथे नाही; आणि मातीने हाताला मिळणारी पकडही येथे नाही. म्हणून गादीवर चपळाईला महत्त्व फार. वाकून, क्षणार्धात आत शिरून प्रतिस्पर्ध्याचा एक पाय उचलावयाचा, हा एकेरी पट. दोन्ही पाय कवटाळावयाचे, तो दुहेरी पट. हे डाव मातीतही आहेत. परंतु गादीवर त्यांना विजेची गती येते.

शिवाय गादीवर घड्याळ असते. तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. एवढ्या सहा मिनिटांत निकाल लागावयाचा. चितपट केले तर कुस्ती तेथेच संपते. नाही तर गुण मोजतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळविला तर दोन गुण. त्याची पाठ गादीकडे वळविली तरी दोन. उभ्या उभ्या त्याला उचलून थेट पाठीवर टाकले तर चार. त्याचा पाय वर्तुळाबाहेर पडला तर एक. आणि दहा गुणांची आघाडी झाली, की पुढे खेळण्याची गरजच उरत नाही.

जुने शौकीन म्हणतात, “गुणांची कुस्ती ही कुस्तीच नव्हे. पाठ लागली नाही, तर जिंकले कोण?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चितपट कुस्ती पाहून जो आनंद होतो, तो पाटीवरील आकडे पाहून होत नाही. परंतु हेही विसरता कामा नये, की वेळेचे बंधन नसलेल्या हगाम्यात दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना धरून तासभर उभे राहत आणि शेवटी पंच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवीत. दूरवरून चालत आलेल्या प्रेक्षकाच्या पदरी काय पडे?

गादीची ओळख नसली म्हणजे काय होते, हे खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून दिसून येईल. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत उतरले. त्यांचे सारे शिक्षण मातीत झालेले. गादीवर लढणे त्यांना नवे होते आणि आंतरराष्ट्रीय नियमही अपरिचित होते. तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. खाशाबांचे बळ आणि चपळाई मातीतच घडली होती. गादीचे नियम त्यांनी मागाहून आत्मसात केले.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत या दोन्ही परंपरांना स्थान आहे. ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. किताबाच्या गटात माती आणि गादी असे दोन विभाग असतात. प्रत्येक विभागाचा एक विजेता ठरतो आणि त्या दोघांत अखेरची कुस्ती होते. मातीच्या विभागातही आता घड्याळ आणि गुण यांचे नियम असतात. जत्रेतील हगाम्याप्रमाणे तेथे अमर्याद वेळ मिळत नाही. तथापि पायांनी जे शिकून घेतले, ते नियम बदलल्याने लगेच पुसले जात नाही. आणि बालेवाडीची अंतिम कुस्ती तर गादीवर व्हावयाची होती. मातीतून वर आलेल्या शैलेशला बूट घालून गादीवर पाऊल ठेवावे लागणार होते. हे न्याय्य आहे काय? गावोगावच्या पारांवर या प्रश्नावर वाद झडतात. काही म्हणतात, मातीतल्या मल्लावर हा अन्याय आहे. काही म्हणतात, जगाच्या स्पर्धा गादीवरच होतात. तेव्हा राज्यातील सर्वश्रेष्ठ मल्लाला गादी आलीच पाहिजे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने खरेच बोलतात, आणि म्हणूनच हा वाद लवकर मिटण्यासारखा नाही.

आता त्या दोघांकडे वळू. स्पर्धा सुरू झाली, तेव्हा लोकांच्या नजरा दुसऱ्याच दोघांवर होत्या. गादी विभागात २०१७ सालचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके होता आणि माती विभागात २०१८ सालचा महाराष्ट्र केसरी बाला रफीक शेख होता. हेच दोघे पुन्हा अखेरीस भिडतील, असे पुष्कळांना वाटत होते. पण कुस्ती भाकितांना जुमानत नाही. मातीत ज्ञानेश्वर जमदाडे याने बाला रफीकला हरविले आणि मग लातूर जिल्ह्याच्या शैलेश शेळके याने ज्ञानेश्वरला. गादीवर हर्षवर्धनने अभिजितला पराभूत केले. दोन माजी विजेते बाजूला झाले आणि दोन नवी नावे पुढे आली. आता कोणी जिंकला, तरी गदा नव्या हातांत जाणार हे निश्चित झाले.

मग जाणकार प्रेक्षकाने या कुस्तीविषयी आधी काय अंदाज बांधावा?

निराळ्या रीतीने खेळणारे दोघे समोरासमोर आले, म्हणजे कोण अधिक बलवान याहून कोणाच्या गतीने खेळ चालेल, हा प्रश्न मोठा ठरतो. बास्केटबॉलचे उदाहरण घ्या. एक संघ चेंडू मिळताच वाऱ्यासारखा धावत सुटतो. दुसरा संघ चेंडू आपल्यापाशी ठेवून, शांतपणे एकमेकांकडे टाकत, योग्य संधीची वाट पाहतो. धावणाऱ्या संघाने सामना पळापळीचा केला, तर दुसऱ्याची शिस्त मोडते. सावकाश खेळणाऱ्याने सामना संथ केला, तर धावणाऱ्याचे बळ वाया जाते. पूर्वी काही संघ आघाडी मिळाली, की चेंडू नुसता धरून वेळ काढीत. म्हणून १९५४ साली अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत नियम झाला, की चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे. संथ संघाची युक्ती त्या एका नियमाने निम्मी लुळी पडली.

गादीवरील कुस्तीतही असाच नियम आहे. एखादा मल्ल डाव न टाकता नुसता टाळाटाळ करीत असेल, तर पंच त्याला आधी ताकीद देतात. तरीही तो सुधारला नाही, तर तीस सेकंदांची मुदत देतात. त्या तीस सेकंदांत कोणालाच गुण मिळाला नाही, तर टाळाटाळ करणाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याला एक गुण आयता मिळतो. प्रतिस्पर्ध्याला दमवून अखेरीस गाठावयाचे, ही मातीतील धिमी नीती येथे महाग पडते. हा एक मुद्दा हर्षवर्धनच्या बाजूचा.

दुसरा मुद्दा सीमेचा. मातीच्या हगाम्यात झोंबाझोंबी करीत जोडी कडेला गेली, तर पंच तिला पुन्हा मध्यभागी आणून उभे करतात. कोणाचे काही बिघडत नाही. गादीवर मात्र पाय बाहेर पडला, की गुण गेला. कडेला पाठ करून उभे राहण्याची चूक येथे परवडत नाही.

परंतु शैलेशच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. मातीत मुरलेल्या मल्लाची पकड एकदा बसली, की सुटता सुटत नाही. पट काढावयास आत शिरलेला मल्ल जर वेळेवर मागे हटला नाही, तर त्याची मान आणि खांदे वरून दाबले जातात आणि हल्ला करणाराच सापळ्यात सापडतो. शिवाय या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंत वजनाचे मल्ल लढतात. एवढे वजन अंगावर घेऊन सहा मिनिटे चपळाई टिकविणे सोपे नसते. दुसऱ्या डावात गादीवरचा मल्ल धापा टाकू लागला, तर मातीचा दम कामास येणार होता. म्हणून जाणत्याने पहिल्या मिनिटात गुणांकडे पाहू नये. दोघे किती अंतरावर उभे आहेत ते पाहावे. अंगाला अंग भिडले असेल, तर मातीची कुस्ती चालली आहे असे समजावे. मध्ये हातभर अंतर राहिले असेल, तर गादीची.

हे सारे ठोकताळे झाले. पण या जोडीत एक गोष्ट अशी होती, की तिने सगळे ठोकताळे डळमळीत करून टाकले. हर्षवर्धन आणि शैलेश हे दोघे एकाच तालमीतील मल्ल होते!

हर्षवर्धनने आरंभीचे धडे नाशिकजवळच्या भगूर येथील तालमीत घेतले होते. त्यानंतर तो पुण्याला कात्रज येथे काका पवार यांच्या कुस्ती संकुलात दाखल झाला. काका पवार हे स्वतः नामांकित मल्ल. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे. शैलेशही त्यांचाच शिष्य. दोघांचे वस्ताद एक, दोघांचा सराव एका छपराखाली. ज्याच्याबरोबर रोज झोंबी घ्यावयाची, त्याच्याविरुद्ध आता सर्व महाराष्ट्रासमोर लढावयाचे होते. याने पट कोणत्या बाजूने काढला म्हणजे काय करावे, हे त्याला ठाऊक; त्याचा दम केव्हा उणा पडतो, हे याला ठाऊक. फसविण्यासाठी नवा डाव आणावा कोठून? आणि ज्या वस्तादांनी दोघांनाही घडविले, त्यांनी मनातून कोणाचा जय चिंतावा? माती आणि गादी यांचा सामना म्हणून लोक ज्याकडे पाहत होते, तो एका घरातील दोन भावांचाही सामना होता.

अखेर ती वेळ आली. पंचांनी शिट्टी दिली आणि दोघे एकमेकांस भिडले. कुस्ती अत्यंत चुरशीची झाली. कोणालाही मोठी आघाडी घेता आली नाही. चितपट तर दूरच राहिले. एकमेकांना पुरते ओळखणाऱ्या दोघांकडून दुसरे काय अपेक्षावे? सहा मिनिटे संपली, तेव्हा पाटीवर आकडे होते तीन आणि दोन. अवघ्या एका गुणाने हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला.

जिंकलेल्या मल्लाला त्याच्या चाहत्यांनी खांद्यावर घेऊन नाचावे, ही आपल्याकडची रीत. परंतु त्या दिवशी गादीवर निराळेच दृश्य दिसले. चांदीची गदा अजून मिळावयाची होती. हर्षवर्धनचा खांदा रिकामा होता. त्याने वाकून पराभूत शैलेशला उचलले, आपल्या खांद्यावर घेतले आणि भोवतालच्या प्रेक्षकांना अभिवादन करीत तो गादीवरून चालू लागला.